गाडी कोणी चालवली

अंबडच्या ताराबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर मोटार चालवायला शिकल्या. पहिल्याच सहलीत नवऱ्याला, मार्तंडरावांना, शेजारी बसवून त्यांनी तेलंगणातलं निजामाबाद गाठलं. तिथं मित्रानं मार्तंडरावांना लोड दिला. "एवढी गाडी चालवली, दमले असाल. आडवे व्हा." मार्तंडराव खुशाल आडवे झाले, ताराबाई पोळ्या लाटायला गेल्या आणि तिथला किल्ला बघायचा राहून गेला.

कर्नाटकात बिदरलाही तेच. जुने सोबती मुबारकभाई म्हणाले, "कमाल केली भाईसाब! या वयात दोन दिवस गाडी चालवली!"

"कंबर धरली थोडी," मार्तंडराव म्हणाले.

आत जुबेदाभाभींसोबत लसूण सोलणाऱ्या ताराबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ताटली सारून त्या बाहेर आल्या आणि गाडीची चावी नवऱ्यापुढं ठेवली.

"मंग बिदरचा किल्लाही तुम्हीच दाखवा. आम्ही मागं बसतो."

मार्तंडरावांनी चावी परत तिच्याकडं सारली. "मला कुठं येती गाडी? हिनंच आणलं मला."

मुबारकभाईंनी घाईघाईनं खुर्ची पुढं केली. "बसा वहिनी, चहा घ्या."

ताराबाई बसल्या न्हाईत. चावी उचलून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हेच निजामाबादेत बोलायला काय झाल्तं तुम्हाला?"