आधी झाकण, मग नारळ

वानखडे सरांची आणि माझी ओळख काजळीमुळे झाली. बुलडाण्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा पहिलाच तास होता. सरांनी चालू डिझेल इंजिनच्या धुरात आपला पांढरा रुमाल धरला, तो काळाकुट्ट झाल्यावर आमच्यापुढे फडकवला आणि विचारलं, "हा धूर कोणाच्या घरचे खातात?" मी देऊळघाटची, पटकन बोलून गेले, "माही माय खाते. थ्रेशरवर सोयाबीन टाकते थे." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "मंग आपल्याले तिच्यासाठीच काम करा लागन," असं ते माझ्याच बोलीत म्हणाले.

ते काम म्हणजे डिझेलमध्ये इथेनॉल मिसळून इंजिनचा धूर कमी करणं. उसापासून, मक्यापासून होणारं इथेनॉल जळताना स्वतःजवळचा ऑक्सिजन देतं, म्हणून काजळी कमी धरते. ऐकायला सोपं वाटतं; पण डिझेल आणि इथेनॉल दोघं एकत्र नांदायला नाखूश, आणि जरासं पाणी पडलं की वेगळी चूल मांडतात! त्यांना धरून ठेवणारं मिश्रण जुळवण्यात सरांनी उमेदीची वर्षं घातली. "घरी कोणी करून पाहिलं तर याद राखा," हा दमही ते न चुकता भरत.

आमच्या गावात सलीमचाचांच्या मळणीयंत्रावर सोयाबीन निघतं. हंगाम तोंडावर आलेला असताना त्यांनी आपलं इंजिन प्रात्यक्षिकासाठी सरांच्या स्वाधीन केलं. पाहुणे आले, गाव लोटलं. आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय यंत्र सुरू करत नाहीत. इथेनॉल चटकन पेट घेतं म्हणून सरांनी अगरबत्ती पार लांब बांधावर लावायला लावली. सगळ्यांचं लक्ष आगीकडे! टाकीत इंधन ओतून झालं होतं, झाकण उघडंच होतं, आणि सरांनी शेजारच्या दगडावर नारळ फोडला. पाणी उडालं, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

इंजिन सुरू झालं. धूर खरंच फिका होता. आणि मग आचके देत ते बंद पडलं.

"इंजिनच भंगार दिसतंय," एक पाहुणे म्हणाले. चाचांचा चेहरा खर्रकन उतरला. हे गावभर झालं असतं, तर त्या हंगामात त्यांच्या यंत्राला कोणी शेतात बोलावलं नसतं. सरांनी टाकीच्या तळाचं इंधन काचेच्या बाटलीत काढलं. त्यात दोन थर स्पष्ट दिसत होते. पाहुण्यांनी सुटकेची वाट आयतीच दाखवली होती. सर गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांनी बाटली उंच धरली.

"इंजिन ठणठणीत आहे. झाकण मी उघडं ठेवलं, नारळ मी फोडला. पाणी माझ्या हातून पडलं."

चाचा कासावीस झाले. "राहू द्या ना सर, काऊन सोताले बोल लावून राह्यले?"

"तुमच्या इंजिनाले लागू नये म्हणून," सर म्हणाले.

मग बाह्या सरसावून त्यांनी स्वतः टाकी रिकामी केली, पुसून कोरडी केली आणि नवं मिश्रण भरलं. दुपारी मळणी सुरू झाली. सुपडाभर सोयाबीन हातात घेऊन आई म्हणाली, "आज डोये नाई चुरचुरले व माय." सरांना नंतर मानसन्मान पुष्कळ मिळाले, पण हे वाक्य ऐकताना त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलंय. चाचांना त्या हंगामात उसंत मिळाली नाही.

आज त्याच प्रयोगशाळेत मी शिकवते. चुकलं तर चारचौघांत सांगायचं, ही इथली रीत आहे आणि ती सरांनी घालून दिली आहे. वानखडे सरांची विद्यार्थिनी म्हणून ओळख करून दिली गेली की माझी मान आपोआप ताठ होते.

सर, आपण साठ वर्षांचे होताहात, हे आपल्या चालण्याकडे पाहून खरं वाटत नाही. ही चाल अशीच राहो, श्वास मोकळा राहो आणि आपला रुमाल दरवर्षी जास्त पांढरा निघो. सत्काराच्या दिवशी सलीमचाचा स्वतःचं इंजिन घेऊन मांडवात येणार आहेत. त्यांचा निरोप आहे: "सरले सांगजा, झाकण म्या सोताच्या हातानं लावलं हाये. नारळ त्यायनंच फोडा लागन."