अण्णांच्या रागाचं काय झालं

आमच्या घरातलं एकही ताट सपाट नाही. पाहुणे जेवायला बसले की ताटं डुगडुगतात आणि त्यांना वाटतं, फरशीच उंचसखल असेल. आम्ही त्यांना तसं वाटू देतो. खरं कारण अण्णा, म्हणजे माझे वडील.

अण्णा हायस्कुलात ड्रिलचे मास्तर होते. तसं कोल्हापुरात कुणीच हळू बोलत नाही. इथं शेजाऱ्यानं ‘चहा घ्या’ म्हटलं तरी परगावचा माणूस दोन पावलं मागं सरकतो. पण अण्णांचा आवाज त्याच्याही वरचा होता. ‘बिनडोक्या, ग्राउंडला फेरी मार’ हे त्यांचं वाक्य. ते पोरांना म्हणायचे, रिक्षावाल्याला म्हणायचे, एकदा लग्नाच्या मांडवात नवरदेवाला म्हणाले. घरात आमटीत मीठ जास्त पडलं की ताट उडायचं. ते भिंतीवर आपटायचं, फरशीवर गरगर फिरायचं आणि फिरत फिरत गप्प व्हायचं. ते थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग आई उठून ताट उचलायची, पोचा बोटानं चाचपायची आणि घासून फळीवर लावायची.

नोकरी संपली आणि अण्णांना ओरडायला ग्राउंड उरलं नाही. सगळं घरातच यायला लागलं. राजारामपुरीतल्या आमच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि म्हणाले, ‘मास्तर, एकतर राग ठेवा, नाहीतर स्वतःला ठेवा. दोन्ही जमायचं नाही.’ त्याच सुमारास आमच्या बुद्धविहारात सकाळी आनापानाचा वर्ग सुरू झाला होता. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढं बघत बसायचं. अण्णा गेले.

मीही गेलो होतो, सोबत म्हणून. श्वास बघण्याचं काम मी इतकं मन लावून केलं की माझ्या घोरण्यानं पुढच्या ओळीतल्या बाई दचकून उठल्या. शिकवणाऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि ‘तुम्ही घरी केलंत तरी चालेल’ असं फार मायेनं सांगितलं. माझी साधना तिथं संपली.

अण्णांची मात्र संपली नाही. ज्या शिस्तीनं त्यांनी आयुष्यभर पोरांना उभं केलं, त्याच शिस्तीनं ते स्वतःला बसवायला लागले. ऊन असो, पाहुणे असोत, घरात बारसं असो, सकाळी आणि दिवेलागणीआधी अण्णा बाहेरच्या खोलीत भिंतीला न टेकता बसलेले. अशी वर्षं गेली. आवाज आधी उतरला, मग हात उगारणं थांबलं. मग एक दिवस लक्षात आलं की ताट उडाल्याला फार काळ लोटलाय. नातेवाईक म्हणायचे, ‘सोनं झालं माणसाचं.’ डॉक्टर दंडाचा पट्टा सोडताना माझ्याकडं असं बघायचे, जणू हे सगळं त्यांच्याच गोळ्यांनी झालं.

आई मात्र काही म्हणायची नाही. मला वाटायचं, इतक्या वर्षांनी घर शांत झालंय, बोलायचं काय त्यावर? मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो तर ती आमटीत मूठभर मीठ टाकत होती. चिमूट नव्हे, मूठ.

‘अगं, काय करतीयास?’

‘गप बस,’ ती म्हणाली. ‘बगायचं हाय मला.’

अण्णा जेवायला बसले. त्यांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि सगळं शांतपणे खाल्लं. वर परत वाढून घेतली. मी चमचाभर तोंडात घातली आणि मोरीकडं पळालो. आई ओट्याला टेकून अण्णांकडं बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, समाधानही नव्हतं. ती घाबरली होती.

त्यानंतर ती रोज काहीतरी करायची. चहात साखर नाही. धोतर नेमकं ओलं. पेपर शेजाऱ्याला देऊन टाकलेला. अण्णा प्रत्येक वेळी ‘बरं’ म्हणायचे. मी आईला म्हटलं, ‘आता सुखानं जगायचं सोडून तू त्यांना डिवचतीयास कशाला?’

‘राग गेला त्याचं मला दुक न्हाय,’ आई म्हणाली. ‘पर गेला कुटं? एवडा मोटा राग. तू बगितलायस की. तो काय धुराड्यातनं वर गेला व्हय?’

मी हसलो. तेव्हा हसू आलं.

अण्णांची एक नवीन सवय माझ्या लक्षात यायला लागली होती. जेवता जेवता त्यांची नजर उंबऱ्याकडं जायची. कुणी आलं की आपण बघतो, तशी. मग ती नजर हळूहळू आत यायची, खोलीतून चालत असल्यासारखी, आणि आमच्यापैकी एकाजवळ येऊन थांबायची. त्याच वेळी अण्णा थोडे बाजूला सरकायचे. पंगतीत उशिरा आलेल्या माणसाला जागा करून देतात, तसे. मग पुन्हा भाकरी मोडायचे.

आणि ज्याच्याजवळ नजर थांबायची, तो थोड्या वेळानं भडकायचा.

हे मी आज सरळ लिहितोय, पण तेव्हा आम्हाला कळायला बरेच दिवस लागले. पहिल्यांदा आई. जन्मात कुणाला वर मान करून न बोललेली माझी आई एका सकाळी गॅलरीत उभी राहून कचऱ्याच्या गाडीवाल्यावर ओरडली. आवाज तिचा होता, पण ओरडणं अण्णांचं. शब्द तेच, मधला दम घेण्याची जागासुद्धा तीच. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, ‘मास्तर परत तापायला लागले वाटतं? ऐकून बरं वाटलं बघा, सवय झालती.’ मी ‘व्हय’ म्हणालो. काय सांगणार?

मग माझी पाळी आली. मी भित्रा माणूस आहे. ऑफिसात शिपाई माझ्या खुर्चीवर बसला असेल तर मी कॅन्टीनला जाऊन येतो. पण एका सुट्टीच्या दुपारी घरी पार्सल घेऊन आलेल्या मुलानं चुकीचं खोकं दिलं, आणि माझ्या छातीतून काहीतरी वर आलं. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभं राहून मी त्याला म्हणालो, ‘बिनडोक्या, ग्राउंडला फेरी मार!’ तो मुलगा आजूबाजूला ग्राउंड शोधायला लागला. मी वळलो. माझ्या हातात ताट होतं. जेवणावरून उठताना मी ते का उचलून आणलं होतं, मला अजून सांगता येत नाही.

दाराच्या आत अण्णा बसले होते आणि माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, कौतुकानं नाही. श्वासाकडं बघतात तसं.

आता दुसऱ्या एखाद्या घरात यावर काहीतरी इलाज झाला असता. कुणी देवरुषी आणला असता, उतारा टाकला असता. पण आमच्या भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आहेत आणि त्या नुसत्या टांगलेल्या नाहीत. आजोबांच्या काळापासून आमच्या घरात भुताची सोयच नाही. त्यामुळं जे उंबऱ्यातून आत येत होतं त्याला म्हणायचं काय, हाच आम्हाला प्रश्न पडला. शेवटी आई त्याला ‘पावणं’ म्हणायला लागली. अण्णांची नजर दाराकडं गेली की ती भाजी ढवळता ढवळता हळूच म्हणायची, ‘आलं पावणं.’ आणि मी, शिकलासवरलेला माणूस, ताट उचलून गॅलरीत जाऊन जेवायचो.

पावसाळा सरता सरता आईनं पिशवी भरली.

‘मी मुरगूडला चालले, दादाकडं,’ ती म्हणाली. तिचा दादा म्हणजे माझे मामा.

‘किती दिवस?’

‘हे घरातलं माणूस माजं हाय का न्हाय, ते मला कळंस्तवर. रागाच्या माणसाबरोबर मी जलम काडला. त्याचं काय चाललंय ते मला पाटमोरं बगून कळायचं. ह्यो जो बसलाय तो कोण हाय, मला ठावं न्हाय. आन् त्येंचा राग माज्या तोंडातनं बोलतोय. मी दोगांचं कुटवर करू?’

अण्णा बाहेरच्या खोलीत डोळे मिटून बसले होते. आई त्यांच्यासमोर थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. अण्णांनी डोळे उघडले नाहीत. ती गेली.

आई नसलेलं घर फार वाईट दिसतं. मी दोन-तीन दिवस स्वयंपाक केला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णांचा संयम खरोखर सिद्ध झालेला आहे. मग न राहवून मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो.

‘अण्णा, राग येतो का तुम्हाला अजून?’

‘येतो की. रोज येतो.’

‘मग?’

‘मी बघतो त्याला. दारातनं आत येतो. आधी सरळ माझ्यात शिरायचा, आता शिरत नाही. मी जागा करून देतो, तरी बसत नाही. पुढं जातो.’

‘पुढं म्हणजे आमच्यात.’

अण्णांनी एकदा उंबऱ्याकडं बघितलं. ‘व्हय. तसं दिसतंय.’

‘मग थांबवा की त्याला.’

‘बघायचं असतं,’ अण्णा म्हणाले. ‘थांबवायचं नसतं.’

ते इतक्या सौम्यपणे म्हणाले की भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी उंबऱ्याकडं बघायचं टाळत उठलो आणि म्हणालो, ‘उद्या मुरगूडला जाऊ. हे आईला सांगा.’

मामांचं मुरगूडला शिलाईचं दुकान आहे. मामा म्हणजे जगातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. गिऱ्हाईकानं स्वतः चुकीचं माप सांगून त्यांना शिव्या घातल्या तरी ते ‘असूदे, परत उसवतो’ म्हणतात. त्यांनी आम्हाला हात धरून आत नेलं. आई आमच्याशी बोलली नाही, पण पानं वाढली. मी आमटीचा वास घेतला आणि ओळखलं. मामींनी चाखली असावी, कारण त्या आईकडं टकामका बघत होत्या.

अण्णांनी पहिला घास घेतला. आई समोर उभी होती, पदर मुठीत धरून. आता ते परत वाढून मागणार आणि आई कायमची मुरगूडला राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

अण्णांनी घास गिळला. हात ताटाच्या काठावर आला. ताट जरासं हललं. त्यांची बोटं पांढरी पडली होती, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसली.

‘मीठ लई पडलंय,’ अण्णा म्हणाले.

कुणीच हललं नाही. जुनी सवय. पण ताट होतं तिथंच राहिलं.

‘आज कळलं व्हय?’ आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. ‘इतकं दिस खातासा, आज कळलं?’

‘कळत होतं. रोज कळत होतं.’

‘मग बोलला का न्हाईसा?’

‘बोललो असतो तर तो आला असता.’

‘तसा तो आलाच की वो,’ आई म्हणाली. ‘तुमी नुसतं बगत बसलासा आन् आमच्या मानगुटीवर बसला. येकट्यानं गप हून काय उपेग?’ आणि ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली की हसली, मला नीट कळलं नाही. अण्णांनी तिच्यापुढं आपलं पाणी सरकवलं. मामा नाकावरचा चष्मा पुसत होते. त्याच वेळी अण्णांची नजर दाराकडं गेली, आत आली, आणि ते थोडे सरकले. शेजारी मामाच बसले होते. मी ते बघितलं. बघितलं, आणि भूक लागली होती म्हणून भाकरी वाढून घेतली.

आई आमच्याबरोबर परत आली. घर असं हलकं झालं की काय सांगू. आमटीत मीठ बेताचं. अण्णांची नजर ताटावरच. आईनं दारात रांगोळी काढली, मी पंख्याखाली बसून जेवलो, कचऱ्याचा गाडीवाला निर्भयपणे भोंगा वाजवून गेला. मला वाटलं, झालं. गेलं.

दोन-चार दिवसांनी सकाळी मामींचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला, कारण ती फोन नेहमी स्पीकरवरच टाकते.

‘वन्सं, ह्यास्नी काय झालंय कळंना वो,’ मामी म्हणत होत्या. ‘काल दुकानात गिऱ्हाईकाला म्हणालं, बिनडोक्या, ग्राउंडला फेरी मार. आन् आज न्ह्यारीला ताट भिरकावलं. ह्येनी. माज्या ह्येनी. ताट गरगर फिरत ऱ्हायलं आन् ह्ये त्याच्याकडं बगून रडाय लागलं.’

आईनं फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत अण्णा बसले होते, भिंतीला न टेकता. डोळे मिटलेले, पण ऐकलं होतं त्यांनी. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. या वेळी तिच्या हातात पिशवी नव्हती.

‘उटा,’ ती म्हणाली. ‘मुरगूडला जायचंय.’

अण्णांनी डोळे उघडले.

‘माज्या भावानं कुणाचं काय वाकडं केलंय? आपलं हाय ते. घेऊन यायचं. घरात ठेवू, दोगं मिळून बगू. तुमी बगा, मी बी शेजारी बसते. पर दुसऱ्याच्या दारात टाकून यायचं न्हाय.’

अण्णा उठले. इतक्या वर्षांत मधूनच उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या.

मला कुणी काही विचारलं नाही. मी गाडी काढली. आई पुढं बसली. अण्णा मागं बसले, पण मधोमध नाही, एका दाराला अगदी चिकटून.

‘अण्णा, मोकळं बसा की,’ मी म्हणालो. ‘सगळी सीट रिकामी आहे.’

‘असूदे,’ आई पुढं बघत म्हणाली. ‘येताना लागंल.’