क्रमाने आलेलं वचन

चर्चच्या पाळकसाहेबांना मंडळी माघारी ‘ओळीवर बोट’ म्हणत. गेली नऊ वर्षं हा माणूस बायबल ओळीने उलगडून सांगत होता. मागच्या रविवारी बोट जिथे थांबलं, तिथून पुढे. अवघड असो, अडचणीचं असो, एक वचन गाळायचं नाही. “निवडून घ्यायला ही काय भाजी आहे?” ते म्हणत.

ही शिस्त त्यांना फुकट मिळाली नव्हती. नऊ वर्षांपूर्वी आई वारली, तेव्हा धाकटा भाऊ वेळेवर पोचला नाही. तो सुतार, कामासाठी परगावी होता. पुढच्याच रविवारी साहेबांनी ठरलेला अध्याय बाजूला सारला, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा शोधून काढली आणि व्यासपीठावरून भावाला सोलून काढलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळल्या. नंतर कळलं, हातातलं काम टाकून येऊ नकोस, असं आईनेच त्याला बजावलं होतं. आपण वचनाचा दगड करून मारला, हे साहेबांना उमगलं. तेव्हापासून हा क्रम. माफी मागायला मात्र जीभ रेटली नाही. भाऊ अजूनही शेवटच्या बाकावर बसे आणि शेवटच्या गीताआधी निघून जाई.

आणि आता क्रमानेच ते वचन आलं: अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

“चार ओळी गाळल्या तर कोणाला कळणार आहे?” शनिवारी साहेब पुटपुटले.

“सगळ्यांना,” पाळकीणबाई इस्त्री फिरवत म्हणाल्या. “आणि वाचून नुसते उभे राहिलात, तर लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.”

रविवारी चर्च खच्चून भरलं. अर्धे तर तमाशा बघायलाच आले होते, खोटं कशाला बोला. साहेबांनी वचन वाचलं. अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. सुतार उठून दाराकडे निघाला.

“थांब रे!” साहेब खाली उतरले. बाकांमधून चालत ते भावासमोर उभे राहिले. “त्या दिवशी मी सगळ्यांसमोर चुकलो. म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. मला माफ कर.”

सुताराचा हात दाराच्या कडीवर होता.

“नऊ वर्षं एक रविवार चुकवला नाही मी,” तो म्हणाला. “म्हटलं, ओळीने चाललाय, कधीतरी या पानावर येईलच.”

त्याने कडी सोडली आणि बाकावर बसला.

“जा दादा, पुढचं वाच. आज गीताला थांबतो.”