वरचा, डावा सुळा

ती पहिल्यांदा दुकानात शिरली तेव्हा रस्त्यावरची रहदारी थबकली, डब्यांची झाकणं आपोआप उघडली आणि पांढऱ्याच्या सगळ्या छटा तिला मान द्यायला उठून उभ्या राहिल्या, असं रंगवाल्याचं म्हणणं. गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या ताईला मात्र हातात भिंतीच्या रंगाचा पोपडा घेतलेली एक बाई दिसली.

"या रंगाचा डबा हवाय."

खिळा ठोकताना तिच्या भाड्याच्या खोलीतल्या भिंतीचा टवका उडाला होता. तेवढा भाग बेमालूम रंगवून दिल्याशिवाय घरमालकीण तिला सोडणार नव्हती आणि दुसऱ्या शहरातली नवी नोकरी सोमवारनंतर थांबणार नव्हती.

"पांढराच ना?"

"पांढरा? हा कॉफी पिणाऱ्या माणसाचा सुळा आहे. वरचा, डावा." ती कवळ्या बनवायची.

रंगवाला सगळं नजरेने जुळवायचा. पांढऱ्यात पिवळ्याचे थेंब, काळ्याचं नुसतं बोट, अंगठ्याच्या नखावर ठिपका, वर फुंकर, मग दारातल्या उजेडात पोपड्याशेजारी नख. त्याची नजर कधी चुकली नव्हती. पण ती समोर उभी राहिली की पोपड्यावर कुठूनसं ऊन सांडायचं. त्यात त्याला दुधावरची साय दिसायची, सकाळची उघडी खिडकी दिसायची, एकदा तर खिडकीत वाळत घातलेला तिचा रुमालही दिसला. तो ते सगळं इमानेइतबारे डब्यात कालवायचा. दुसऱ्या दिवशी ती हजर.

"अहो, हे दुधाचे दात झाले!"

"मला तर हुबेहूब वाटला."

"भिंत म्हातारी आहे. तिला बाळसं कशाला?"

ती हसली, आणि पुढचा डबा आणखी उजळ निघाला.

"मुद्दाम करतोयस," ताई म्हणाली.

"शपथ, ताई! मला तसाच दिसतो."

"दिसणारच. जुळला की ती जाणार, हे तुझ्या डोळ्यांना आधी कळलंय. तुला कळेल मागाहून!"

शनिवारी दुपारी ती आली नव्हती. त्याने पोपडा हातात घेतला आणि सोमवारनंतरचं दुकान मनात आणलं: तेच डबे, तोच पंखा, तीच ताई. बघता बघता पोपड्यावरचं ऊन उतरलं. खाली मळकट, थकलेली, जराशी राखाडी अशी भिंत होती. त्याने काळ्याचं बोट लावलं.

संध्याकाळी तिने स्वतःच्या नखावर ठिपका घेतला. पोपडा शेजारी धरताच दोन्ही एकच झाले.

"जुळला," तो म्हणाला.

ती बराच वेळ नखाकडे बघत राहिली. "मला अजून जरा पिवळा हवासा वाटतोय."

त्याचा हात पिवळ्याच्या डब्याकडे गेलाही होता. तो त्याने मागे घेतला.

"नाही हो. आता बरोबर आहे."

सोमवारी ती गेली. घरमालकिणीने पुढच्याच महिन्यात सबंध खोली हिरवी करून घेतली. रंग दुसऱ्या दुकानातून आणला.