कोणता पाय

वाडीत राबणाऱ्यांचे पाय मातीने काळवंडलेले असतात, आणि परक्यासमोर ते दाखवायची आम्हाला भारी लाज. म्हणून घोट्याच्या ऑपरेशनच्या सकाळी मी गोखिवऱ्याच्या त्या छोट्या इस्पितळात वजरीने दोन्ही पाय घासघासून धुतले. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी पायावर काढलेला बाणही त्यात पुसला गेला. एवढी शिकलेली मी, पण अक्कल गहाण टाकली होती.

पाठीत इंजेक्शन दिल्यावर कंबरेखालचं सगळं बधिर झालं. पाय गुडघ्यात दुमडलेत असं वाटत होतं. मान उचलून पाहिलं तर सरळ पसरलेले, दोन्ही सारखेच. तेवढ्यात डॉक्टरांच्या लक्षात आलं की बाण नाही. कागदावर डावा लिहिलं होतं, पण नुसत्या कागदावर सुरी चालवायची नाही हा त्यांचा नेम. त्यांनी मला विचारलं. ‘डावा’ हा शब्द जिभेवर होता, पण दोन वर्षं ठणकणारा पाय आता ठणकत नव्हता आणि समोरचे दोन्ही पाय मला माझे वाटेनात. मी आळीपाळीने दोन्हींकडे बघत राहिले.

नर्स बाहेर बसलेल्या आईला विचारून आली आणि म्हणाली, डावा. मी आणखीच घाबरले. वाडीतलं काम बंद करील म्हणून आईपासून मी हे दुखणं लपवलं होतं. ऑपरेशनचं गेल्याच आठवड्यात सांगितलं, तेही किरकोळ म्हणून. कोणता पाय, हे बोललेच नव्हते.

कागद आणि आईचं उत्तर जुळल्यावर डॉक्टरांनी डाव्या पायाचं चौथं बोट खाली ओढलं, कातडीखाली तणावलेल्या नसेवर पेनाने रेघ मारली. ती नस कापली गेली तर पावलाची वरची बाजू बधिर होते, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. मग पट्टा बांधून घोटा ताणला. सांध्यात सलाइन भरलं, तसं पाऊल हळूच वर उचललं गेलं. मी ते हलवलं नव्हतं.

दोन बारीक छिद्रं पाडून कॅमेरा आत गेला. पडद्यावर पांढरट पोकळी दिसली, पाण्यात तंतू डुलत होते. हा चांगला पाय असेल तर मी दोन्हींनी अधू होणार, एवढंच मनात घोळत होतं. बऱ्याच वेळाने एका कोपऱ्यात दोन वर्षं सलणारा तो हाडाचा सुटा तुकडा दिसला आणि मला रडू फुटलं.

वॉर्डात आणल्यावर मी नर्सला विचारलं, आईला पाय कसा कळला? तिने आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

“दोन वर्षं वाडीतला पाण्याचा पाट ओलांडताना ती डावा पाय मागे ठेवते. मी रोज बघते.”