मामांसाठी भिंग

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या मामांचे. कागलला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथंच बसायचो, सोल्डरिंग तिथंच शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजचा फॉर्मही मामांनीच रांगेत उभं राहून आणला होता.

मध्यंतरी मामा म्हणाले, “दुकान बंद करतो आता.”

“का? दिसत नाही का?”

“माझ्या डोळ्यास्नी काय धाड भरलीया? कंपन्यांनीच पार्ट मोहरीएवढं केल्यात!”

मी कोल्हापुरात सर्किट बोर्डांच्या कारखान्यात नोकरीला. म्हटलं, हे काम आपलंच. आधी चांगला मोठा मायक्रोस्कोप नेला. त्यात पार्ट विटेएवढा दिसला, पण भिंगाखाली सोल्डरिंग आयर्न शिरेना. हात जरा हलला, की आत बैल उधळल्यासारखं दिसायचं. मग घड्याळजी डोळ्यात अडकवतात ते भिंग दिलं. त्याला डोळा कामापासून दोन बोटांवर न्यावा लागतो. मामांनी नेला. चर्र झालं.

“पार्ट दिसला की,” मामा म्हणाले, “मिशी तेवढी न्हाय दिसली.”

आठवडाभर मामा तोंडाला टॉवेल बांधून दुकानात बसले. गिऱ्हाईकं दाढदुखीवर औषधं सांगून गेली.

मग शहाणा झालो. डोक्याला लावायचं, दिवा असलेलं, फक्त अडीचपट मोठं दाखवणारं भिंग आणलं. दोन्ही डोळे उघडे राहतात आणि खाली वीतभर जागा मिळते. आठ दिवस स्वतः वापरून पाहिलं. पण नुसतं वर्णन ऐकूनच मामांनी हात जोडले.

“बास कर, इंजिनेर सायेब! ते घालून बसलो तर गिऱ्हाईक म्हणंल, म्हातारं आंधळं झालं.”

भेट म्हणून दिलेली वस्तू मामा परत करतात; बिघडलेली मात्र दुरुस्त केल्याशिवाय कधी परत करत नाहीत. म्हणून मी दिव्याची एक वायर सोडवली आणि भिंग पार्सल केलं. फोनवर माझं खोटं त्यांनी आवाजावरूनच ओळखलं असतं, म्हणून सोबत पत्र ठेवलं:

“मामा, पाया पडतो. हे भिंग आमच्या साहेबांचं आहे. दिवा लागत नाही. इथं कुणाला दोष सापडला नाही, म्हणून तुमच्याकडं पाठवतोय. दुरुस्त झालं, की डोक्याला लावून चार-दोन बोर्ड करून बघा. दिवा पुन्हा मध्येच जाऊ शकतो, त्यामुळं रोज वापरल्याशिवाय कळायचं नाही. साहेबांना अजिबात घाई नाही. पुढच्या वर्षी न्यायला येईन. तेव्हा दुकान उघडं असू द्या.”