दत्तू उस्तादांचे सात किल्ले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की माझीच नजर शटरकडे जाते, आणि मग तुम्हालाही हसवत नाही. आणि चहा संपला तरी उठू नका. मी धंद्यातला माणूस आहे, अर्धा माल कधी देत नाही.

इंदूरला कृष्णपुऱ्याजवळ आमचं घड्याळांचं दुकान. शाळा आठवीत सुटली. घड्याळाचं काम मला कुणी शिकवलं नाही. उघडून उघडून शिकलो. पहिली चौदा बंद पाडली, पंधरावं चाललं. तेव्हापासून माझी पक्की समजूत, की जे उघडतं ते आपल्याला येतं!

आमच्या धंद्याचा पहिला मंत्र असा: काउंटरवर काहीही आलं, की आधी त्याचा सेल बदल. दहातली नऊ घड्याळं तिथंच टिकटिक करायला लागतात. दहावं का बंद आहे, ते मग बघू. दुसरा मंत्र मी स्वतःच्या अक्षरात पाटीवर लिहून काउंटरच्या वर टांगला होता: 'विकलेल्या सेलची तक्रार ऐकली जाणार नाही.' सेल मी एका ओळखीच्या माणसाकडून पाकिटानं आणायचो. स्वस्त पडायचे. का स्वस्त पडायचे, असले अवघड प्रश्न मी त्याला विचारत नसे.

तर गोष्ट तेव्हाची, जेव्हा इंदूरच्या मिलांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते आणि बाजारात बाहेरचा माल धो धो येत होता. घड्याळांचा खप बसला. बसणारच! ज्याला पाळीवर जायचंच नाही, तो मनगटावर काय म्हणून बांधेल? मग मी शोकेसमध्ये हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम ठेवले, आणि त्यात घालायच्या कॅसेटी. सगळा कॉपी माल. स्टिकरवर राक्षस, आत मोटारींची शर्यत. काही कॅसेटींत आज खेळ जिथं थांबवला तिथून उद्या पुढे चालायचा. काहींत बटण बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. असं का, ते मला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईकानं विचारलं तर म्हणायचो, "भिया, नशीब की बात है." इंदुरात भाऊला भिया म्हणतात, मलाही सगळे भियाच म्हणायचे.

आता दत्तू उस्ताद. मिलच्या विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आणि संध्याकाळी आखाड्यात उस्ताद. एकदा पोहे खाताना त्यांना ठसका लागला, तर समोरच्या दुकानाचं शटर आपोआप खाली आलं, असं लोक सांगतात. मी अतिशयोक्ती करत नाही, लोक करतात. मिल बंद झाली आणि हा डोंगर घरी बसला. एक दिवस माझ्या दुकानात आले, एक गेम आणि एक कॅसेट घेऊन गेले. माझ्या मनगटापेक्षा त्यांचा अंगठा जाड, पण त्या चिमुकल्या बटणांवर असा चालायचा, जणू तुटलेला धागा जोडतोय.

खेळ होता सात किल्ल्यांचा. एक शिपाई, एक घोडा, सात किल्ले सर करायचे. आतली भाषा चिनी की जपानी, देव जाणे. आठ महिने उस्ताद खेळले. एके दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी मला पडदा दाखवला: त्यांचं नाव, आणि पुढे सात झेंडे. फक्त शेवटचा राजा तेवढा उरला होता. म्हणाले, "भिया, मिल गेल्यापासून माझ्या हातून पुरं होणारं हे एकच काम आहे. याला कुणी हात लावला ना..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हातातला काचेचा ग्लास टेबलावर ठेवला, एवढंच. ग्लासला तडा गेला.

पुढच्याच सोमवारी मी जेवायला घरी गेलो होतो. परत आलो तर माझी बायको सुमन गल्ल्यावर, आणि काउंटरवर तीच कॅसेट, स्वच्छ रुमालात बांधलेली.

"उस्ताद आले होते," सुमन म्हणाली. "म्हणाले, भियाला नीट बघायला सांगा. जपून करा म्हणाले, जान आहे त्यात. पुढच्या सोमवारी नेतो."

"काय बिघडलंय?"

"ते नाही बोलले. तोंड वळवून निघून गेले. सोबत आखाड्यातले दोन पठ्ठे होते."

आता सांगा, शहाण्या माणसानं काय करावं? आधी कॅसेट गेममध्ये घालून चालू करून बघावी. बरोबर? पण मी घड्याळवाला! मंत्र म्हणजे मंत्र! पेचकस घेतला, कॅसेट उघडली. आत हिरवी पट्टी, तिच्यावर दोन-तीन काळ्या चिपा आणि एका कोपऱ्यात, अहाहा, आपला ओळखीचा गोल चपटा सेल! दोन पातळ पत्र्यांनी धरलेला. चिमट्यानं उचकटला, जुन्या सेलांच्या डब्यात टाकला, आपल्या पाकिटातला नवा बसवला, वरून सेलोटेप दाबला. म्हटलं, उस्तादांना फुकट सर्व्हिसिंग! आणि मग चालू केली.

पडद्यावर नाव लिहायची रिकामी चौकट. झेंडे नाहीत. घोडा नाही. काहीच नाही!

मी बंद करून पुन्हा चालू केली. फुंकर मारली. कपाळाला लावली. चौकट रिकामी ती रिकामीच. तेवढ्यात घड्याळाचा पट्टा बदलायला कांबळे मॅडम आल्या. महूच्या, वडील फौजेत होते, आणि स्वतः पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मी म्हटलं, "मॅडम, घड्याळाचा सेल काढला तर काटे थांबतात, नवा टाकला की चालतात. मग या कॅसेटीला काय झालं?"

त्यांनी पट्टी उजेडात धरली. "खेळ या मोठ्या चिपमध्ये आहे. तो छापलेल्या पुस्तकासारखा, जात नाही. पण तुम्ही कुठपर्यंत खेळलात ते या छोट्या चिपमध्ये. ती म्हणजे पाटीवर खडूनं लिहिलेलं. गेम बंद असतानाही हा सेल तिला थोडी थोडी वीज देत राहतो, तोवर तिला आठवतं. सेल संपला किंवा काढला, की पाटी कोरी."

"मग बदलायचा कसा?"

"काढण्याआधी दुसरीकडून तारेनं वीज जोडून ठेवायची. ड्यूटी बदलताना पहिला जवान दुसरा आल्याशिवाय पोस्ट सोडतो का?"

"आणि... सोडली असेल तर?"

मॅडमनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कुणाची आहे कॅसेट?"

मी नाव सांगितलं. मॅडमनी पट्टाही बदलला नाही. "मी नंतर येते," म्हणाल्या आणि निघाल्या.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की तडा गेलेला ग्लास दिसायचा. इंदूर सोडावं का? देवासला मावशी आहे. पण देवासला उस्तादांची बहीण आहे. खरं सांगून टाकावं? काय सांगू? तुमची आठ महिन्यांची मेहनत मी चिमट्यानं उचकटून डब्यात टाकली?

सुमन म्हणाली, "अहो, सोमवारला आठवडा आहे. आपणच खेळू. सात झेंडे लावू आणि देऊन टाकू. त्यांना काय कळतंय?"

बायकोचा सल्ला ऐकला. पण दुकान उघडं ठेवून खेळणार कसं? शेजारी बघतील, उस्तादांच्या कानावर जाईल. म्हणून मंगळवारपासून शटर अर्धं खाली ओढलं, आणि आत आम्ही नवराबायको भर दुपारी जमिनीवर बसून किल्ले जिंकायला लागलो.

मी पहिल्याच पुलावरून सत्तावीस वेळा नदीत पडलो! घोडा वाचायचा, मी मरायचो. अंगठ्याला फोड. बाहेर कुणाची चप्पल वाजली की माझा श्वास बंद. सुमननं गेम हातात घेतला आणि बघता बघता दोन किल्ले मारले. "तुम्ही फार घाई करता," म्हणाली. "लग्नापासून सांगतेय."

गुरुवारपर्यंत तीन झेंडे. शुक्रवारी एकही नाही. आणि बाहेर? बाहेर वेगळाच खेळ! अर्धं शटर बघून गल्लीत बोलणं सुरू झालं. दूधवाला वाकून म्हणाला, "क्या भिया, दुकान भी गई क्या?" शेजारचा कापडवाला हळहळला, "मिल गेली ते गेली, आता घड्याळवालाही गेला." आणखी एक जण मी विष घेतलंय का, ते विचारून गेला. मी आतून ओरडलो, "सगळं ठीक आहे!" माझा आवाज ऐकून त्याची खात्रीच पटली.

शनिवारी दुपारी चौथा झेंडा लागला. मी जरा हुश्श करतोय, तोच शटरच्या खालच्या फटीत सहा पाय दिसले. त्यातले मधले दोन मी कुठंही ओळखले असते.

अजून दोन दिवस होते ना? मग आजच का? म्हणजे कळलं! कांबळे मॅडम बोलल्या! मी गेम सुमनच्या हातात कोंबला आणि काउंटरखाली शिरलो. गुडघे छातीशी, तोंडात रुमाल. शटर वर गेलं. असं गेलं, की वरून माती पडली.

"वहिनी, भिया कुठंय?"

"ते... बाहेर गेलेत."

"आणि काउंटर का हलतोय?"

मग मात्र माझा धीर सुटला. खालूनच ओरडलो, "उस्ताद, मारू नका! माझ्या हातून पुसलं गेलं! मुद्दाम नाही केलं, आईची शपथ!"

"काय पुसलं?"

"सात किल्ले, उस्ताद! सेल काढला आणि सगळं गेलं!"

भिंतीवरची बावीस घड्याळं तेवढी टिकटिकत होती. मग एक हात खाली आला, माझी कॉलर धरली आणि मांजराच्या पिल्लासारखं मला वर काढून काउंटरवर बसवलं. मी डोळे घट्ट मिटले.

"अरे भिया," उस्ताद म्हणाले, "ते तर आधीच गेले होते."

मी एक डोळा उघडला.

"रविवारी चालू केली, तर कोरी. सेल संपला असणार. म्हणून तर तुझ्याकडे दिली."

"मग सुमनला सांगितलं का नाही?"

उस्तादांनी पठ्ठ्यांकडे तिरकं पाहिलं, माझ्या कानाशी वाकले, आणि मिलच्या खात्यात ओरडून ओरडून घडलेल्या त्या आवाजात कुजबुजले, "सांगायला गेलो असतो तर रडलो असतो यार. या दोघांसमोर?"

दोन्ही पठ्ठे लगेच छताकडे बघायला लागले.

"मग आज कसे आलात?"

"शटर अर्धं आहे म्हणाले लोक. आमच्या मिलचंही गेट आधी अर्धंच बंद झालं होतं. म्हटलं, भिया एकटा नको बसायला."

सुमननं डोळ्याला पदर लावला आणि गेम पुढे केला. उस्तादांनी पडदा बघितला. "चार झेंडे? कुणी खेळलं?"

"आम्हीच."

"वा! म्हणजे आता कॅसेटीच्या लक्षात राहतंय. चल, पुसून टाक. माझे किल्ले मीच मारणार, पहिल्यापासून."

आणि त्यांचा तो जाडजूड अंगठा बटणाकडे निघाला. मित्रहो, ज्याच्या भीतीनं मी पाच दिवस शटरखालून श्वास घेतला, त्याच दत्तू उस्तादांचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं! "नका पुसू! पुलावरून सत्तावीस वेळा पडलोय मी!"

उस्ताद इतके हसले, की समोरचं शटर बघून यावं असं मला वाटलं. मी शोकेसमधली त्याच खेळाची कोरी कॅसेट काढली, त्यांना भेट दिली. वर म्हटलं, "थांबा, खास तुमच्यासाठी ताजा सेल." आणि आपल्या पाकिटातला एक सेल तिच्यातही टाकला. जुनी कॅसेट माझी झाली.

रविवारी सकाळी दुकानात आरामात चहा घेऊन बसलो, गेम चालू केला. नावाची चौकट. रिकामी.

सुमननं फक्त मान वर करून पाटीकडे पाहिलं. 'विकलेल्या सेलची तक्रार ऐकली जाणार नाही.' अक्षर सुंदर आहे हो माझं!

आणि मग ग्लासचा तडा आठवला. त्याच पाकिटातला सेल उस्तादांच्या कॅसेटीत होता! कपबशी तशीच टाकून स्कूटरला किक मारली. उस्ताद घराच्या ओट्यावर बसले होते, अंगठा चालू. मी धापा टाकत म्हटलं, "उस्ताद, बंद करू नका! चालूच ठेवा! तो सेल..."

"कोणता? तुझा?" त्यांनी मान वर केली नाही. "तो कालच काढून फेकला. एक डावही खेळलो नव्हतो. चौकातल्या रेडिओवाल्याकडून दुसरा टाकून घेतला."

"का?"

"भिया, तुझं मन सोन्याचं. पण घड्याळ तुझ्याकडून घ्यावं, सेल घेऊ नये, हे अख्ख्या इंदूरला माहीत आहे. तुला कुणी सांगितलं नाही?"

कसं सांगणार? तक्रार ऐकली जाणार नाही, असं मीच लिहून ठेवलं होतं ना!

परतताना चौकात थांबलो. तोंड जरा फिरवून, दबक्या आवाजात रेडिओवाल्याला म्हटलं, "एक चपटा सेल द्या." त्यानं मला निरखून पाहिलं, मग आपल्या माणसाला आतल्या बाजूला हाक मारली:

"चांगल्यातला काढ रे. घड्याळवाले भिया स्वतः घेतायत!"